पोट सुटलंय की फुगलंय? कोणतं कर्बोदक काय करतं, हे स्वतःच्याच पोटावर तपासण्याची रीत

सकाळी पँटचं बटण सहज लागतं आणि संध्याकाळी त्याच बटणासाठी श्वास आत ओढावा लागतो, असं होत असेल तर मधल्या वेळेत पोटावर चरबी चढली असं समजू नका. एक किलो चरबी साठायला शरीराच्या खर्चापेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. एका दिवसात तेवढं खाणं पट्टीच्या खवय्यालाही जमायचं नाही. संध्याकाळचं ते पोट फुगलेलं असतं. सुटलेलं पोट सकाळ-संध्याकाळ फारसं बदलत नाही. ते महिन्यामहिन्याने, पट्ट्याच्या एकेका भोकाने पुढे सरकतं.

मराठीत या दोन गोष्टींना दोन वेगळी क्रियापदं आहेत, तरी उपाय करताना आपण त्यांची सरमिसळ करतो. पोट फुगतं म्हणून कोणी भात-बटाटा बंद करतं, ढेरी कमी व्हावी म्हणून कोणी एकदम वाटीभर कडधान्यं सुरू करतं, आणि दोघंही आठवड्याभरात वैतागतात. कारण कर्बोदकांच्या बाबतीत गंमत अशी, की पोट फुगवणारी आणि पोट सुटायला मदत करणारी मंडळी बहुतांशी वेगवेगळी आहेत. किंबहुना एकमेकांच्या उलट आहेत.

आपण ज्याला ‘हलकं’ अन्न म्हणतो ते झटकन पचतं आणि मागे काही उरत नाही. पोटाला त्रास नाही. पण मागे काही उरत नाही याचाच अर्थ सगळ्या कॅलरी रक्तात गेल्या. ‘वातूळ’ म्हणून ज्याला नावं ठेवतो त्यातला काही भाग आपल्याला पचतच नाही, तो खाली मोठ्या आतड्यात जातो, तिथे वायू होतो आणि कॅलरी मात्र कमी मिळतात. पचलेल्या कर्बोदकाच्या एका ग्रॅममागे ४ कॅलरी मिळतात, तर आतड्यात आंबणाऱ्या तंतूंच्या (फायबरच्या) एका ग्रॅममागे साधारण २. म्हणजे ‘हलकं’ हा शब्द आतड्याच्या हिशोबाने खरा आहे, कमरेच्या हिशोबाने नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका फरकावर उभ्या आहेत.

आधी घासाचा प्रवास

पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या लांब माळा. लाळेतली आणि स्वादुपिंडातली विकरं (एन्झाइम) त्या माळा तोडतात, लहान आतडं सुटे मणी शोषून घेतं, ते रक्तात जातात. साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी, तीही तिथेच तुटते आणि शोषली जाते. हे सगळं ठीक झालं तर मोठ्या आतड्यापर्यंत काही पोचत नाही.

पण काही कर्बोदकं तोडायला आपल्याकडे विकरच नाही, काहींचं विकर वयाबरोबर कमी होतं, आणि काही तोडावी लागत नसली तरी शोषायला वेळ लागतो. ही उरलेली मंडळी दोन कामं करतात. लहान आतड्यात असताना पाणी ओढून घेतात. मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. या तिन्ही वायूंना वास नसतो. वास येतो तो गंधकाच्या संयुगांमुळे, आणि त्यांचं प्रमाण अगदी थोडं असतं.

ही प्रक्रिया किती सरळ आहे हे पाहायचं असेल तर अकार्बोज या मधुमेहाच्या औषधाकडे पाहा. ते पिष्ट आणि साखर तोडणारी विकरं अडवतं, म्हणून जेवणानंतरची रक्तातली साखर कमी वाढते. त्याचा ठरलेला दुष्परिणाम कोणता? पोट फुगणं आणि वायू सरणं. तोच घास, फक्त पचला नाही म्हणून खाली गेला.

दिवसातून दहा-वीस वेळा वायू सरणं हे निरोगी माणसाचं लक्षण आहे. शून्य वायू हे ध्येय ठेवू नका. ते गाठायचं तर तंतू खाणंच सोडावं लागेल.

पहिली पायरी: टेप घ्या

शिंप्याकडे असते तशी कापडी टेप पुरेल. सगळ्यात खालची बरगडी बोटाने शोधा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा. या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवी गुंडाळा. पोट आत ओढू नका, नेहमीसारखा श्वास सोडून झाला की आकडा वाचा. बेंबी ही खूण म्हणून वापरू नका, कारण सुटलेल्या पोटावर ती खाली सरकलेली असते.

सात दिवस, रोज दोनदा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. मग रात्री झोपण्याआधी.

सकाळच्या सात मापांपैकी मधलं घ्या. ते तुमच्या उंचीच्या निम्म्याहून कमी असावं, हा जगभर वापरला जाणारा साधा ठोकताळा आहे. १६० सेंटिमीटर उंची असेल तर ८० च्या आत. त्यावर असेल तर चरबीचा प्रश्न आहे. मग सकाळ आणि रात्र यांतला फरक पाहा. एक-दोन सेंटिमीटर सगळ्यांचाच वाढतो, कारण पोटात दिवसभराचं अन्नपाणी असतं. त्याहून बराच जास्त फरक रोज पडत असेल आणि पोट ताणल्यासारखं वाटत असेल तर फुगण्याचा प्रश्न आहे. दोन्ही असू शकतात. तसं असेल तर आधी फुगणं हाताळा, कारण त्याचा निकाल काही आठवड्यांत लागतो आणि मग टेपवरचा आकडा खरं बोलायला लागतो.

दुसरी पायरी: घड्याळ लावून नोंद

काय खाल्लं याची वही बरेच जण ठेवतात. वेळ लिहीत नाहीत, आणि तिथेच फसतात.

मी दोन वर्षं दुधाला दोष देत होतो. संध्याकाळी साडेपाचला दुधाचा चहा, सहाला पोट ढोलासारखं. सरळ आहे, दूध बाधतं. चहा कोरा केला, तरी सहाला ढोल वाजतच होता. वहीत वेळा लिहायला लागल्यावर दिसलं की त्या दिवशी दुपारी एकला राजमा असायचा, सोबत कच्चा कांदा. एकला खाल्लेल्या घासातलं न पचलेलं मोठ्या आतड्यात पोचून आंबायला लागायचं ते चार-पाच तासांनी. दूध बिचारं घटनास्थळी सापडलेलं.

हा वेळेचा फरक लक्षात ठेवला तर अर्धी उकल इथेच होते. साधारण अंदाज असा: जी छोटी साखर पाणी ओढते (दुधातलं लॅक्टोज, जास्तीचं फ्रुक्टोज, शुगर-फ्री गोळ्यांतली अल्कोहोल-साखर) तिचा त्रास अर्ध्या तासापासून दोनेक तासांत सुरू होऊ शकतो, सोबत गुडगुड आणि कधी पातळ शौच. लांब साखळ्या, म्हणजे गहू-कांदा-लसणातले फ्रुक्टन आणि कडधान्यांतल्या साखरा, बऱ्याचदा तीन-चार तासांनी किंवा त्याहून उशिरा वर डोकं काढतात.

नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१४ साली निरोगी माणसांना एकेक पेय पाजून त्यांच्या पोटाचे एमआरआय काढले. फ्रुक्टोज दिल्यावर लहान आतड्यात पाणी वाढलं. इन्युलिन नावाचं फ्रुक्टन दिल्यावर लहान आतडं जवळपास शांत, पण मोठ्या आतड्यात वायू भरला. दोन्ही कर्बोदकंच, त्रासाची जागा आणि तऱ्हा मात्र वेगळी.

वहीत चार रकाने पुरतात: वेळ, काय खाल्लं आणि अंदाजे किती, त्रास शून्य ते दहा, आणि शौचाला झालं का. शेवटचा रकाना गाळू नका. बद्धकोष्ठ असेल तर आतड्यात अडकलेला मळ वायूलाही पुढे सरकू देत नाही, आणि मग काहीही खाल्लं तरी पोट फुगतं. तसं दिसलं तर आधी ते दुरुस्त करा. पुढची निम्मी खटपट वाचण्याची शक्यता आहे. स्त्रियांनी पाळीची तारीखही लिहावी. पाळीच्या आधीच्या दिवसांत बऱ्याच जणींचं पोट आहार तोच असताना फुगतं, आणि तो दोष नाहक एखाद्या पदार्थाच्या नावावर चढतो.

तिसरी पायरी: संशयितांची ओळख

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी २००५ मध्ये या न पचणाऱ्या, आंबणाऱ्या छोट्या कर्बोदकांना एका नावाखाली आणलं: फॉडमॅप. नाव बोजड आहे, पण गट कामाचे आहेत.

फ्रुक्टन. गहू, राय, बार्ली, कांदा, लसूण. हे तोडणारं विकर कोणत्याच माणसाकडे नाही, त्यामुळे ‘मला गहू पचत नाही’ हे एका अर्थाने सगळ्यांच्या बाबतीत थोडं खरं आहे. कोणाला ते जाणवतं, कोणाला नाही, एवढाच फरक. इथे ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाची, बरीच बदनामी झालेली आहे. नॉर्वेत ५९ जणांवर एक प्रयोग झाला. सीलिअॅक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) नसलेली, स्वतःहून ग्लुटेन सोडलेली ही माणसं. त्यांना आत काय आहे ते न सांगता कधी ग्लुटेन घातलेले, कधी फ्रुक्टन घातलेले, कधी दोन्ही नसलेले बार खायला दिले. २०१८ मध्ये निकाल छापून आला: सगळ्यात जास्त त्रास फ्रुक्टनच्या बारने झाला होता. म्हणून महागडी ‘ग्लुटेन-फ्री’ पाकिटं घेण्याआधी कांदा-लसूण कमी करून पाहणं शहाणपणाचं. ग्लुटेन-फ्री बिस्किटांत बरेचदा गव्हाच्या जागी बारीक पिष्ट आणि साखर असते. पोट शांत होतं, कंबर वाढते.

लसणाच्या बाबतीत एक युक्ती फार उपयोगाची आहे. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात मंद आचेवर परतायच्या, वास सुटला की पाकळ्या काढून टाकायच्या आणि मग बाकीचं शिजवायचं. लसणाचा स्वाद तेलात उतरतो, फ्रुक्टन पाकळीतच राहतं. हेच सूप किंवा रश्श्यात जमत नाही. कांदा उकळून नंतर चमच्याने काढून टाकला तरी त्यातलं फ्रुक्टन पाण्यात उतरलेलं असतं. असं तेल मात्र त्या त्या वेळेपुरतंच करा. तेलात बुडवलेला लसूण बाहेर ठेवला तर बोट्युलिझमसारखी घातक विषबाधा होऊ शकते.

कडधान्यांतल्या साखरा. रॅफिनोज, स्टॅकिओज आणि त्यांची भावंडं. यांचंही विकर आपल्याकडे नाही, पण यांनाही पाण्यात उतरायला आवडतं, आणि इथे ते आपल्या फायद्याचं आहे. रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, ताज्या पाण्यात शिजवा. डबाबंद कडधान्य असेल तर त्यातलं पाणी ओतून दाणे धुऊन घ्या. त्रास शून्यावर येणार नाही, कमी होईल. अल्फा-गॅलॅक्टोसायडेज नावाचं विकर गोळीच्या रूपात मिळतं, ते पहिल्या घासाबरोबर घेतलं तर याच साखरा तोडतं. जेवण झाल्यावर पोट फुगल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, आणि कांद्या-लसणावर ते चालत नाही.

लॅक्टोज. जगातल्या सुमारे दोनतृतीयांश प्रौढांत ते तोडणारं लॅक्टेज विकर कमी झालेलं असतं. पण कमी म्हणजे संपलं असं नाही. अशा बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, विशेष त्रासाशिवाय चालतं, जेवणासोबत घेतलं तर आणखी बरं. मुरवलेल्या कठीण चीजमध्ये लॅक्टोज जवळपास नसतंच. दह्यात थोडं कमी असतं आणि त्यातले जिवाणू उरलेलं पचवायला मदत करतात. त्यामुळे ‘दूध बाधतं, म्हणून दुधाचं सगळंच बंद’ हा निर्णय बहुधा घाईचा असतो.

जास्तीचं फ्रुक्टोज. ग्लुकोज सोबत असेल तर फ्रुक्टोज सहज शोषलं जातं, एकटं असेल तर अडखळतं. म्हणून साध्या साखरेने पोट फुगत नाही, पण सफरचंद, नाशपाती, आंबा आणि मध यांनी फुगू शकतं, कारण त्यांत फ्रुक्टोजचं पारडं जड आहे. या वाक्यातून मध वाईट आणि साखर चांगली असा अर्थ काढू नका. इथे फक्त फुगण्याचा हिशोब चालू आहे.

अल्कोहोल-साखरा. सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल. शुगर-फ्री च्युइंगम, गोळ्या, ‘डाएट’ चॉकलेट, काही प्रोटीन बार. मशरूम आणि फ्लॉवरमध्ये मॅनिटॉल निसर्गतःच असतं. वजन कमी करणारी माणसं नेमकी याच गटाला बळी पडतात: साखर सोडली, दिवसभर गम चघळला, सोबत हवाही गिळली, आणि पोट पहिल्यापेक्षा मोठं दिसायला लागलं. एरिथ्रिटॉल यात थोडं वेगळं, कारण त्यातलं बहुतेक लहान आतड्यातच शोषलं जाऊन लघवीवाटे बाहेर पडतं.

एक छुपा भिडू राहिला. पाकिटावर ‘भरपूर फायबर’ लिहिलेलं असेल तर मागची यादी वाचा. चिकोरीचं मूळ किंवा इन्युलिन दिसलं तर ते वर सांगितलेलं फ्रुक्टनच आहे, पांढऱ्या भुकटीच्या रूपात.

चौथी पायरी: काढा, मग एकेक परत आणा

सुरू करण्याआधी एक अट. गहू सोडायचा विचार असेल तर आधी सीलिअॅकची रक्ततपासणी करून घ्या. ही तपासणी गहू खाणं चालू असतानाच खरी ठरते. महिनाभर गहू सोडून गेलात तर रोग असूनही अहवाल कोरा येऊ शकतो. मुलं, गरोदर स्त्रिया, आधीच वजन कमी असलेली माणसं आणि खाण्याशी मनाचं भांडण झालेलं कुणीही यांनी ही पायरी आहारतज्ज्ञाशिवाय करू नये.

काढण्याचा काळ दोन ते सहा आठवडे. या काळात वरचे गट बाजूला. मग खायचं काय? भात, बटाटा, बेताचे ओट्स, गाजर, काकडी, पालक, संत्रं, फार न पिकलेलं केळं, अंडी, मासे, चिकन, कठीण चीज. फरक पडायचा असेल तर बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत दिसतो. सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर कर्बोदकं तुमचा गुन्हेगार नाहीत. आहार पूर्ववत करा आणि कारण दुसरीकडे शोधा.

फरक पडला तर मात्र इथे थांबायचा मोह आवरा. हा आहार कायमचा करायचा नसतो, कारण आपण काढलेलं तेच आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं अन्न आहे. आता एका वेळी एक गट परत आणायचा, तीन दिवस, वाढत्या मात्रेने, बाकीचं जेवण काढलेल्या अवस्थेत ठेवून. दुधाचं उदाहरण: पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी पूर्ण कप. त्रास झाला तर तिथेच थांबा आणि मात्रा लिहून ठेवा. मग दोन-तीन दिवस विश्रांती, मग पुढचा गट. फ्रुक्टोजसाठी मध, मॅनिटॉलसाठी मशरूम, कडधान्यांसाठी शिजवलेले हरभरे. फ्रुक्टनची चाचणी तीनदा घ्या: गव्हाचा ब्रेड, कांदा आणि लसूण वेगवेगळे. बऱ्याच जणांना दोन स्लाइस ब्रेड चालतो आणि कांद्याची चार कापं चालत नाहीत.

उत्तर जवळजवळ कधीच ‘हो’ किंवा ‘नाही’ असं येत नाही, ते मात्रेत येतं. अर्धी वाटी हरभरे चालतात, दीड वाटी नाही. आणि मात्रा एकमेकींत मिसळतात. अर्धी वाटी हरभरे, दोन स्लाइस ब्रेड आणि एक सफरचंद, तिन्ही एकेकटे निरुपद्रवी, एकाच जेवणात आले तर गाडी रुळावरून घसरते. ‘काल तर चाललं होतं’ या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं.

पाचवी पायरी: आता चरबीकडे

इथे संशयितांची यादी पार बदलते. बारीक दळलेलं, सहज पचणारं पिष्ट आणि साखर. पोटाला न टोचणारी, गोड बोलून घर रिकामं करणारी मंडळी.

सगळ्यात वर पेयं. पातळ साखरेने भूक भागत नाही, त्यामुळे ती जेवणाच्या जागी येत नाही, जेवणावर चढते. शीतपेयाच्या ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सल्ल्याप्रमाणे वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस मिळून दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत हवेत, जमलं तर ५. २,००० कॅलरींच्या आहारात हे ५० आणि २५ ग्रॅम होतात. म्हणजे एका कॅनमध्ये दुसरी मर्यादा ओलांडली. फळांचा रस या यादीत आहे, अख्खं फळ नाही. तीन संत्री सोलून खायला वेळ लागतो, त्यांचा रस दोन घोटांत संपतो.

फ्रुक्टोजची एक खोड वेगळी आहे. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं, फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृतावर पडतो, आणि तो झेपेनासा झाला की यकृत त्याची चरबी करतं. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी ३२ जाड माणसांना १० आठवडे ग्लुकोजची किंवा फ्रुक्टोजची पेयं दिली, दिवसाच्या कॅलरींच्या २५ टक्के इतकी. वजन दोन्ही गटांचं सारखंच वाढलं. आतड्यांभोवतीची, पोटाच्या खोल आतली चरबी मात्र फ्रुक्टोजच्या गटात वाढली. मात्रा राक्षसी होती हे खरं, रोज दोन सफरचंदं खाणाऱ्याने यावरून घाबरायचं कारण नाही.

मग कर्बोदकंच तोडली तर? पहिल्या आठवड्यात वजन धाडकन उतरतं आणि माणूस खूश होतो. पण त्यात पाणी किती हे पाहा. स्नायू आणि यकृत मिळून पाचेकशे ग्रॅम ग्लायकोजन, म्हणजे ग्लुकोजचा राखीव साठा, ठेवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. साठा रिकामा झाला की पाणीही गेलं, दीड-दोन किलो कमी. एका लग्नाच्या जेवणात ते परत येतं आणि ‘सगळं वाया गेलं’ म्हणून माणूस प्रयत्न सोडतो. लांबच्या पल्ल्यात काय होतं, तेही तपासून झालंय. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांना वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार दिला. २०१८ मध्ये निकाल आला: सरासरी ५.३ किलो आणि ६ किलो कमी. फरक नगण्य. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, असंच सांगितलं होतं, आणि माझ्या मते खरी मेख तिथे आहे.

याला बळ देणारा दुसरा प्रयोग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केला. २० माणसं, दोन आठवडे कारखान्यात बनलेलं अति-प्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, तंतू दोन्हीकडे सारखे, हवं तेवढं खायची मुभा. प्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन बसली.

म्हणून सुटलेल्या पोटासाठी क्रम असा ठेवा. आधी गोड पेयं बंद, तीही पूर्ण, कारण ‘कमी करतो’ म्हणणारा महिन्याने तिथेच असतो. मग पिठाऐवजी दाणा: धान्य जितकं अख्खं, तितकं पचायला वेळ घेतं आणि भूक लांबवतं. मग ताटातल्या भाताचा किंवा ब्रेडचा ढीग थोडा लहान आणि त्या जागी भाजी व प्रथिनं. टेप दर आठवड्याला, एकाच वारी, सकाळी. महिन्याला एखादा सेंटिमीटर कमी होत असेल तर गाडी रुळावर आहे. पोटाच्या व्यायामाने पोटाचीच चरबी जात नाही. भरभर चालण्या-पोहण्यासारख्या व्यायामाने मात्र आतली चरबी कमी होते, कधीकधी काट्यावर वजन फारसं न हलताही.

सहावी पायरी: दोघांना एका ताटात बसवणं

खरी कसरत इथे आहे. चरबीसाठी कडधान्यं, अख्खी धान्यं, भाज्या वाढवायच्या, आणि पोट फुगवतात तीच. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ चा सल्ला प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतूंचा आहे. सध्या दहा-बारा ग्रॅमवर असाल तर सोमवारी सकाळी पंचविसावर उडी मारू नका. आठवड्याला चार-पाच ग्रॅम वाढवा, पाणी वाढवा, आणि तुमच्या चौथ्या पायरीतल्या मात्रा समोर ठेवा. कडधान्यं दोन चमच्यांपासून, पण रोज. आठवड्यातून एकदा तीन वाट्या खाणाऱ्यापेक्षा रोज दोन चमचे खाणाऱ्याचं आतडं लवकर सरावतं.

तंतूंमध्येही निवड आहे. इसबगोल पाणी धरून ठेवतं पण फारसं आंबत नाही, म्हणून वायू न वाढवता बद्धकोष्ठाला मदत करतं. भरपूर पाण्यासोबत घ्यायचं, कोरडं कधीच नाही. इन्युलिन याच्या बरोबर उलट्या टोकाला. शिजवून थंड केलेल्या भात-बटाट्यात थोडं पिष्ट पचायला अवघड होतं, त्याचं सध्या बरंच कौतुक चालतं. फरक असतो, पण लहान असतो. त्या भरवशावर दुप्पट भात वाढून घेऊ नका.

आणि एक गोष्ट ताटाबाहेरची. बार्सिलोनातल्या फर्नांडो अझ्पिरोझ यांच्या गटाने पोट फुगलेल्या माणसांचे स्कॅन काढले तेव्हा अनेकांच्या पोटात वायू फारसा जास्त नव्हताच. त्यांचं श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला पडदा) खाली दाबलं जात होतं आणि पोटाची भिंत ढिली पडत होती, त्यामुळे पोट पुढे येत होतं. जेवणानंतर खुर्चीत रुतून बसण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाला, छाती न उचलता पोटातून संथ श्वास घ्या. ज्यांच्या वहीत कोणताच पदार्थ सापडत नाही, त्यांनी हे दोन आठवडे करून पाहावं.

टेप बाजूला ठेवून डॉक्टरकडे कधी जायचं

वजन आपोआप उतरतंय, शौचातून रक्त जातंय, रक्तक्षय आहे, वारंवार उलट्या किंवा ताप आहे, त्रासाने रात्री झोपमोड होते, पोट काही आठवड्यांत वाढलं आणि सकाळीही उतरत नाही, किंवा डोळे पिवळे दिसतात: यांपैकी काहीही असेल तर आहाराचे प्रयोग करत बसू नका. पन्नाशीनंतर एखाद्या स्त्रीचं पोट पहिल्यांदाच फुगायला लागलं, महिन्यातले बरेच दिवस फुगलेलंच राहिलं किंवा चार घासांत पोट भरायला लागलं, तर अंडाशयाची तपासणी मागून घ्यावी. ‘गॅसेस असतील’ म्हणून गोळी देऊन परत पाठवलं गेलं तर वही पुढे करा, तारखा दाखवा आणि सोनोग्राफीबद्दल स्पष्ट विचारा.